भिंगरी, तंबू आणि हातावरचे पोट

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत गेल्या महिन्यात कंत्राटी कामगारांच्या जगण्यावर एक लेख आला होता. दर अकरा महिन्यांनी नवे कागद, मध्ये मुद्दाम ठेवलेला काही दिवसांचा खंड, पगार कधी सात तारखेला तर कधी वीस तारखेला, आणि आजारी पडले की त्या दिवसाची हजेरी बुडाली, हे सगळे लेखकाने इतक्या आपलेपणाने मांडले होते की तो अंक मी रद्दीत जाऊ दिला नाही. लेखातील एकाही विधानाशी माझा वाद नाही. माझे म्हणणे आहे ते लेखाच्या मध्यभागी, चौकटीत ठळक अक्षरांत छापलेल्या एका ओळीविषयी. ‘तंबूवर घरटे बांधणाऱ्या चिमणीसारखे जगणे : चिनी म्हण’ अशी ती ओळ होती, आणि ज्यांचे पोट हातावर आहे अशा माणसांविषयी चीनमध्ये अडीच हजार वर्षांपासून असे बोलले जाते, असा तिच्याखाली खुलासा होता. त्या मूळ वचनातला पक्षी चिमणी नाही, आणि ते वचन हातावर पोट असणाऱ्या कोणाला उद्देशून उच्चारलेले नाही. ज्याच्याविषयी ते पहिल्यांदा उच्चारले गेले तो एका तटबंदीच्या गावाचा धनी होता, राजाला हाकलून लावण्याइतका बलाढ्य होता आणि त्या वेळी त्याच्या वाड्यात संगीत चालू होते. एका ओळीसाठी एवढे मोठे पत्र लिहिण्याचे कारण असे की त्या ओळीत एक ठपका दडलेला आहे, आणि आपल्या चौकटीमुळे तो ज्यांच्यावर यायला नको होता त्यांच्यावर आला आहे.

मी संस्कृतची निवृत्त शिक्षिका आहे. नोकरी संपल्यावर पुण्यात चिनी भाषेच्या वर्गाला जाऊ लागले आणि गेली काही वर्षे जमेल तसे जुने चिनी गद्य वाचते आहे. ‘चिनी म्हण’ म्हणून जे भाषणांत आणि व्हॉट्सॲपवर फिरते त्यातील पुष्कळसे चिनी नसतेच. ‘तुम्हाला रंजक काळात जगायला मिळो’ हा तथाकथित चिनी शाप इंग्रजी भाषणांमधून जगभर पोहोचला, पण त्याचे मूळ कोणत्याही चिनी ग्रंथात कोणाला सापडलेले नाही. तंबूवरचे घरटे मात्र अस्सल चिनी आहे, आणि ते कोठून आले हे नेमके सांगता येते.

मूळ शब्द चार आहेत : यान चाओ मू शांग. यान म्हणजे भिंगरी हा पक्षी (इंग्रजीत स्वॉलो), चाओ म्हणजे घरटे किंवा घरटे करणे, मू म्हणजे तंबूचे वर ताणलेले कापड, आणि शांग म्हणजे वर. ही खरे तर म्हणही नाही. चिनी भाषेत म्हणींना वेगळे नाव आहे. ही चार अक्षरांची घडीव पदे ‘चेंगयू’ या नावाने ओळखली जातात. आपल्याकडे त्यांना सर्वांत जवळचे काही असेल तर ते संस्कृतातील लौकिक न्याय आहेत. ‘काकतालीय’ एवढाच शब्द उच्चारला की कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडल्याची सगळी गोष्ट ऐकणाऱ्याच्या मनात उभी राहते, आणि जो ती गोष्ट जाणत नाही त्याला तो शब्द नुसता अवघड वाटतो. चेंगयूचेही तसेच असते. गोष्ट काढून घेतली की उरते ते केवळ चित्र, आणि चित्राला कोणीही हवा तो मथळा देऊ शकतो.

ही गोष्ट ‘झुओ झुआन’ या ग्रंथात आहे. लू नावाच्या राज्याच्या जुन्या वार्षिक नोंदींवरचे हे विस्तृत भाष्य प्राचीन चिनी इतिहासलेखनातील सर्वांत मोठ्या ग्रंथांपैकी एक मानले जाते. प्रसंग इ.स.पू. ५४४ चा आहे. दक्षिणेकडील वू राज्याचा राजपुत्र जी झा उत्तरेकडील राज्यांच्या दौऱ्यावर निघाला होता. वारसा त्याच्याकडे आला असतानाही त्याने गादी नाकारली होती. त्याची तलवार एका छोट्या राज्याच्या अधिपतीच्या नजरेत भरली आहे हे त्याने ओळखले, परत येताना ती द्यायची असे मनाशी ठरवले, आणि परत येईपर्यंत तो अधिपती मरण पावला तेव्हा ती तलवार त्याच्या थडग्याजवळच्या झाडाला टांगून जी झा निघून गेला, ही गोष्ट चीनमध्ये शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. तो संगीताचा मोठा जाणकार होता. याच दौऱ्यात लूच्या दरबारात त्याला एकेका प्रांताची गाणी ऐकवण्यात आली आणि प्रत्येक गाण्यावरून त्या त्या राज्याच्या स्वभावाविषयी आणि भवितव्याविषयी तो जे बोलला, ते ‘झुओ झुआन’मधील अतिशय प्रसिद्ध पान आहे. हे सांगितले पाहिजे, कारण पुढे जो संगीताला दोष देतो तो संगीत न कळणारा कोणी रुक्ष मनुष्य नव्हता.

वेई राज्यातून जिन राज्याकडे जाताना त्याला वाटेत ची या गावी मुक्काम करायचा होता. हे गाव आजच्या हनान प्रांतातील पुयांग येथे होते. तेथे त्याच्या कानावर घंटांचा आवाज आला. त्या काळातील चिनी घंटा म्हणजे देवळातील एकटी घंटा नव्हे. लहानमोठ्या आकाराच्या काशाच्या घंटा लाकडी चौकटीला ओळीने टांगून त्यावर सूर वाजवत असत, आणि असा संच बाळगणे हे मोठ्या घराण्याचे लक्षण होते. घंटा वाजत होत्या त्या सुन लिनफू याच्याकडे.

सुन लिनफू कोण होता हे कळल्याशिवाय पुढच्या वाक्याची धार कळत नाही. तो वेई राज्याचा पिढीजात सरदार. राज्यकर्त्याशी बिनसल्यामुळे इ.स.पू. ५८४ मध्ये तो जिनमध्ये पळून गेला, सात वर्षांनी परतला, आणि त्यानंतर त्याने आपली मौल्यवान भांडी राजधानीत ठेवण्याचे धाडस केले नाही. ती सगळी त्याने ची या आपल्या गावी नेऊन ठेवली आणि जिनच्या सरदारांशी गाढ मैत्री जोडली. ही नोंद ‘झुओ झुआन’मध्येच आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्या पायाखालची जमीन भुसभुशीत आहे हे या माणसाला तीस वर्षे आधीपासून कळत होते. पुढे इ.स.पू. ५५९ मध्ये वेईच्या राजाने, म्हणजे श्येन नावाच्या ड्यूकने, त्याला आणि आणखी एका सरदाराला जेवायला बोलावले. दोघे दरबारी पोशाखात दिवसभर ताटकळत राहिले आणि राजा बागेत रानहंसांवर बाण सोडत बसला. ते तेथे गेले तेव्हा डोक्यावरची शिकारीची टोपीही न काढता तो त्यांच्याशी बोलला. सुन लिनफू रागाने आपल्या गावी निघून गेला. त्याचा मुलगा दरबारी आला तेव्हा राजाने त्याच्यासमोर एका जुन्या कवनाचे शेवटचे कडवे म्हणायला सांगितले. नदीकाठी राहणारा, ना बळ ना धैर्य असलेला, तरी बंडाची पायरी ठरणारा तो कोण, असा त्या कडव्याचा आशय आहे, आणि ची हे गाव नदीकाठीच होते. मुख्य गायकाने नकार दिला. पण ज्याला राजाने पूर्वी तीनशे फटके मारवले होते असा एक दुय्यम गायक पुढे झाला आणि आग भडकावी म्हणूनच त्याने ते कडवे म्हटले. ती भडकलीच. सुन लिनफूने राजाला देशोधडीला लावले आणि नवा राजा गादीवर बसवला. बारा वर्षांनी, इ.स.पू. ५४७ मध्ये, हाकललेला राजा परतला, तेव्हा सुन लिनफू ची गाव घेऊन बंड करून बसला आणि जिन राज्याच्या आश्रयाला गेला. जिनने त्याच्यासाठी पहारा पाठवला, वेईचा काही मुलूख तोडून त्याला दिला, आणि त्या बळावर तो तेथे टिकून होता. तंबूची दोरी अशा रीतीने परक्याच्या हातात होती.

इ.स.पू. ५४४ मध्ये तो परतलेला राजा वारला. त्याचे दफन अजून व्हायचे होते, आणि अशा वेळी ची येथे घंटा वाजत होत्या. त्या ऐकून जी झा जे बोलला त्याचा मराठीत आशय असा होईल : ‘नवल आहे! जो भांडतो आणि ज्याच्या अंगी सदाचार नसतो, त्याला शासन चुकत नाही असे मी ऐकले आहे. आपल्या धन्याचा अपराध करून हा येथे येऊन राहिला आहे. त्याने कितीही भय बाळगले तरी ते पुरे पडायचे नाही, मग हा आनंद कसला? याचे येथे असणे म्हणजे भिंगरीने तंबूच्या कापडावर घरटे करण्यासारखे आहे. त्यात धन्याचे शव अजून दफनावाचून आहे, आणि अशात वाद्ये वाजवावीत?’ एवढे बोलून तो तेथे न थांबता पुढे निघून गेला. सुतक असताना दारात वाजंत्री लावू नये हे आपल्याकडे सांगावे लागत नाही, तसेच ते तेथेही सांगावे लागत नव्हते. म्हणूनच बोलण्यातला तो शेवटचा भाग ऐकणाऱ्याला सर्वांत जास्त लागला असणार. सुन लिनफूच्या कानावर हे शब्द गेले, आणि ग्रंथ पुढे एकच वाक्य लिहितो : त्याने आयुष्यभर पुन्हा कधी तंतुवाद्य ऐकले नाही. गाण्याच्या एका कडव्याने भडकलेल्या या वैराच्या कथेत त्याच्या वाट्याला शेवटी असे मौन आले.

आता पक्ष्याविषयी. चिमणी म्हटल्याने काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. चिमणी कोठेही काड्या कोंबते. फोटोच्या मागे, दिव्याच्या वाटीत, मीटरच्या पेटीत, आणि तिचे घरटे पडले तरी चार दिवसांत दुसरीकडे काड्या गोळा होतात. भिंगरीचे तसे नाही. आमच्या घरामागच्या ओढ्यावर रस्त्याची एक मोरी आहे आणि तिच्या आतल्या अंगाला, सिमेंटच्या कोपऱ्यात, तारवाल्या भिंगऱ्यांची एक जोडी घरटे करते. ओढ्याच्या कडेला जेथे चिखल ना फार पातळ ना फार घट्ट असतो, अशी जागा त्या निवडतात. चोचीत मावेल एवढी एक गोळी घेऊन भिंगरी वर जाते, ती आधीच्या गोळ्यांच्या काठाला टेकवते आणि डोके भरभर हलवत दाबून बसवते. थोडे काम झाले की ती थांबते, कारण खालचा थर वाळल्याशिवाय वरचा धरत नाही. वाळलेल्या गोळ्या फिकट राखाडी आणि ताज्या काळपट दिसत असल्यामुळे आज किती बांधून झाले ते मोरीच्या तोंडाशी उभे राहूनही कळते. एका वर्षी मी त्या गोळ्या मोजायला बसले आणि बाहेरून दिसणाऱ्याच चारशेच्या पुढे गेल्यावर डोळे दुखू लागले म्हणून थांबले. जुने घरटे शाबूत असेल तर पुढच्या वर्षी तेच डागडुजी करून वापरले जाते. चिनी घरांच्या वळचणीला घरटे करणारी यान हिच्याच कुळातली. हिवाळ्यात आपल्याकडे तारांवर रांगेने बसणारी माळभिंगरी ती हीच. तिने घरात घरटे करणे तेथे शुभ मानतात. म्हणजे दीर्घ मुदतीचे, मेहनतीचे आणि पुन्हा परत येण्याच्या हिशेबाने केलेले बांधकाम ही भिंगरीची ओळख आहे, आणि असे बांधकाम तिने पक्क्या भिंतीऐवजी वाऱ्यावर फडफडणाऱ्या कापडावर करावे, यात त्या उपमेचा सगळा जीव आहे. चिमणी आणली की तो जीव जातो.

कापडाचेही थोडे सांगावेसे वाटते, कारण या बाबतीत मराठी भाग्यवान आहे. दुसऱ्या शतकातील भाष्यकार झेंग श्वान याने तंबूच्या बाजूच्या कापडाला एक शब्द आणि वर ताणलेल्या कापडाला ‘मू’ असा भेद स्पष्ट केला आहे. आपल्याकडे बाजूच्या कापडाला कनात म्हणतात आणि वरच्याला छत किंवा चांदवा. म्हणजे हा भेद आपल्याला आयताच मिळालेला आहे. जपानच्या सेनापतींच्या राजवटीला ‘बाकुफू’, शब्दशः तंबूतले शासन, म्हणतात, त्यातला ‘बाकु’ हा हाच ‘मू’. माझ्या मते या वचनाचे मराठी करताना ‘तंबू’पेक्षा ‘मांडव’ हा शब्द अधिक चांगला आहे, कारण मांडव उतरवायचा असतो हे ऐकणाऱ्याला शब्दातच कळते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गाठी सोडून कापड खाली ओढायला किती वेळ लागतो, ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

पुढच्या काळात हे वचन कोणी कोणासाठी वापरले ते पाहिले तर माझ्या म्हणण्याला पुष्टीच मिळते. इ.स. २९१ मध्ये जिन साम्राज्याच्या (वरच्या जिन राज्याहून हे वेगळे आणि कितीतरी नंतरचे) दरबारात सत्तापालट झाला आणि यांग जून हा सर्वसत्ताधीश मारला गेला. त्याच्या पदरी असलेला कवी पान युए थोडक्यात बचावला. पुढच्या वर्षी पश्चिमेकडे बदलीच्या गावी जाताना लिहिलेल्या दीर्घ रचनेत, एकावर एक रचलेल्या अंड्यांपेक्षाही धोक्याचे आणि काळ्या भिंगरीने कापडावर केलेल्या घरट्याहून वाईट, असे त्याने त्या दिवसांचे वर्णन केले आहे. इतके स्वच्छ कळूनही तो पुन्हा राजधानीत, पुन्हा सत्तेच्या सावलीत आला, आणि इ.स. ३०० मध्ये आई आणि भावांसह त्याला देहान्त शासन झाले. हे वाचताना मला प्रत्येक वेळी गलबलून येते. उपमा त्याला ठाऊक होती, ती त्याने स्वतःला लावूनही पाहिली होती, आणि तरी त्याला मांडव सोडवला नाही.

दुसरे उदाहरण एका पत्राचे आहे, आणि वर्तमानपत्राला पत्र लिहिताना ते आठवल्याशिवाय राहत नाही. चन बोझी हा दक्षिणेकडील लियांग राज्याचा सेनापती इ.स. ५०२ मध्ये बंड फसल्यावर उत्तरेकडील वेई राज्याला (हेही सुन लिनफूच्या वेईहून वेगळे) जाऊन मिळाला होता. इ.स. ५०५ मध्ये लियांगचे सैन्य उत्तरेवर चालून गेले, तेव्हा छियू ची या चिटणिसाने त्याला परत येण्याविषयी एक पत्र लिहिले. त्यात तो म्हणतो की आपण उकळत्या कढईत पोहणाऱ्या माशासारखे आणि फडफडत्या कापडावर घरटे केलेल्या भिंगरीसारखे आहात, आणि तरी आपल्याला ते उमगू नये का? ‘फडफडते’ हे विशेषण मूळ गोष्टीत नव्हते. ते छियू ची याने जोडले आणि चित्र अधिकच अस्थिर झाले. पण त्या पत्रात नुसती भीती नाही. तिसऱ्या महिन्यात दक्षिणेकडे गवत वाढलेले असते, झाडांवर नाना रंगांची फुले असतात आणि पक्ष्यांचे थवे उडत असतात, अशी चार छोटी वाक्ये मध्येच येतात आणि घर सोडून गेलेल्या माणसाला घराची आठवण करून देतात. चन बोझीला स्वतःला वाचता येत नव्हते, त्यामुळे ते शब्द त्याच्यापर्यंत दुसऱ्या कोणाच्या तरी आवाजात पोहोचले असणार. इ.स. ५०६ मध्ये तो आठ हजार माणसांसह परत आला. त्याचा मुलगा मात्र उत्तरेकडच्या लोकांच्या हाती सापडून मारला गेला, हेही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

सरदार, दरबारी, सेनापती : तिन्ही ठिकाणी तंबूवर बसलेला माणूस हा आपली जागा स्वतः निवडणारा, दुसरीकडे जाण्याचे बळ अंगी असणारा आणि धोका दिसत असूनही नजर वळवणारा आहे. आजचे चिनी शब्दकोश या पदाचा अर्थ ‘अत्यंत धोक्याची अवस्था’ एवढाच देतात, आणि तेवढ्या अर्थाने ते कोणालाही लावता येईल हे मी मान्य करते. तरी ज्याला गोष्ट माहीत आहे त्याच्या कानाला त्यात ‘घंटा कसल्या वाजवतोस?’ हा प्रश्न ऐकू येतोच. अकरा महिन्यांच्या कागदावर काम करणाऱ्या बाईला तो प्रश्न विचारण्याचा आपल्याला काय अधिकार आहे? तिने ती जागा निवडलेली नाही. तिची मुदत किती हे तिला पाठ असते, कारण त्या तारखेवरच तिची उसनवारी, मुलाची फी आणि भाड्याची खोली अवलंबून असते. मांडव घालणाऱ्या मजुराला मांडव किती दिवसांचा आहे ते कोणी सांगावे लागत नाही.

अशा माणसांसाठी चिनी भाषेत दुसरे पद आहे आणि आज ते त्याच अर्थाने रोज वापरले जाते : झाओ बू बाओ शी. सकाळी संध्याकाळची शाश्वती नाही, असा त्याचा सरळ अर्थ. त्याचे मूळही ‘झुओ झुआन’मध्येच आहे, आणि गंमत नव्हे तर विचार करण्यासारखी गोष्ट ही की तेही पहिल्यांदा एका बड्या माणसाच्याच तोंडी आले. इ.स.पू. ५४१ मध्ये जिनचा मुख्य मंत्री झाओ वू याला, या सगळ्या राज्यांचा नावापुरता अधिपती असलेल्या झोऊ राजाच्या दूताने नदीकाठी उभे करून, पूर आवरणाऱ्या यू राजासारखे दूरवरचे काम आपणही हाती घ्यावे, असे सुचवले. त्यावर तो म्हणाला की आम्ही कसेबसे दोन घास खाऊन दिवस काढणारे, सकाळी संध्याकाळचा विचार करत नाही, मग दूरचे कोठले? राज्याचा कारभारी असे बोलतो याचे त्या दूताला वाईट वाटले, आणि हा फार दिवस राहणार नाही असे त्याने परतल्यावर सांगितले. झाओ वू त्याच वर्षी वारला. पण हे पद तेथेच अडकून पडले नाही. तिसऱ्या शतकात ली मी नावाच्या विद्वानाला बादशहाने नोकरीवर बोलावले, तेव्हा त्याने नम्र नकाराचा अर्ज लिहिला. आपण ४४ वर्षांचे आहोत आणि आपल्याला लहानाचे मोठे करणारी आजी ९६ वर्षांची आहे. तिचा श्वास क्षीण झाला आहे, तिच्या बाबतीत सकाळी संध्याकाळचा भरवसा देता येत नाही, आणि आपण गेलो तर तिला दुसरे कोणी नाही. आजीच्या उशाशी बसलेल्या नातवाने ते शब्द उचलले, तेव्हा त्यांतील बेफिकिरी गेली आणि काळजी उरली. तिथून ते आजारी माणसाच्या जीविताला लागले, मग ज्यांची आजची मजुरी उद्याची हमी देत नाही अशांच्या जीविताला. कोणत्याही भाषेत शब्द असेच वाट काढत जातात, आणि एखादा शब्द योग्य माणसांपर्यंत पोहोचलेला असताना त्याला सोडून दुसराच ओढून आणू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

हा घोटाळा केवळ चिनी वचनांचाच होतो असे नाही. ‘डोक्यावर टांगती तलवार’ हा वाक्प्रचार आपल्याच पानांवर कंत्राटी कामगार, झोपडीधारक, हंगामी शिक्षक यांच्याविषयी वरचेवर येतो. मूळ गोष्टीत ती तलवार सिराक्यूज या प्राचीन ग्रीक नगरराज्याच्या जुलमी सत्ताधीशाच्या आसनावर घोड्याच्या केसाने टांगलेली होती. राजाचे सुख वाखाणणाऱ्या डॅमोक्लिस नावाच्या खुशमस्कऱ्याला त्या आसनावर बसवून ती दाखवण्यात आली. म्हणजे तीही सत्तेच्या जागेची गोष्ट, आणि आपण ती सत्ता नसलेल्यांच्या डोक्यावर नेऊन टांगली. या वाक्प्रचाराने आता मराठीत इतके घर केले आहे की तो मागे घ्या असे मी म्हणणार नाही. भिंगरीचे वचन मात्र मराठीत अजून नवे आहे. ते पहिल्यांदाच नीट आले तर पुढच्यांना नीट मिळेल.

आणि आपल्याला ते त्याच लेखात वापरायचेच असेल, तर तेथे त्याला योग्य जागा आहे. त्या लेखातच म्हटल्याप्रमाणे, काही कचेऱ्यांचे रोजचे, कधीही न थांबणारे काम वर्षानुवर्षे अकरा-अकरा महिन्यांच्या कागदांवर चालते, आणि त्या व्यवस्थेच्या शिखरावर बसलेल्यांना ती पक्क्या भिंतीसारखी वाटते. कामाची सगळी जाण ज्यांच्या हातात आहे ती माणसे कोणत्याही महिन्यात निघून जाऊ शकतात, याची चिंता त्यांच्या बैठकांत दिसत नाही. जी झा तेथून गेला असता तर त्याला घंटा तिथेच ऐकू आल्या असत्या.

माझी विनंती अशी की पुढच्या रविवारी त्याच पानावर, शक्य असल्यास तेवढ्याच आकाराच्या चौकटीत, दुरुस्ती छापावी. चिमणीच्या जागी भिंगरी करावी, वचन कोणी कोणाला उद्देशून उच्चारले ते एका वाक्यात सांगावे, आणि कामगारांसाठी ‘सकाळी संध्याकाळची शाश्वती नाही’ ही ओळ द्यावी. तिच्याखाली ‘चिनी वाक्प्रचार’ असे लिहिले तर ते बरोबर ठरेल, आणि काहीच लिहिले नाही तरी मराठी वाचकाला ती ओळ आपलीच वाटेल. सोबत चित्र द्यायचे झाल्यास आमच्या मोरीखालच्या घरट्याचे माझ्याकडे एक छायाचित्र आहे. त्यात अर्ध्या गोळ्या वाळलेल्या आणि अर्ध्या ओल्या दिसतात. आपण कळवल्यास ते पाठवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे